बेटावरचा करंडक : मोहामेडन स्पोर्टिंगचा १९४० चा हंगाम

मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट मुंबईत राहणारा माणूस विसरला तरी आम्हा जासईकरांना विसरता येत नाही. खाडीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ती. आमच्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरत आली. कोणी गोदीत कामाला गेला, कोणी गिरणीत, कोणी खलाशी होऊन जहाजावर. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडी ते चिर्ले हे अंतर काही मिनिटांवर आले. तरीही जुनी माणसे आजही 'मुंबईत जातो' म्हणताना हात समुद्राकडेच करतात.

या बेटाचा इतिहास आम्ही शाळेत शिकवतो. सात बेटे, पोर्तुगीज, राजकन्येचे आंदण, ईस्ट इंडिया कंपनी, भराव, गिरण्या. पण याच बेटावर फुटबॉलचाही एक इतिहास घडला. त्यात आपल्या नावाची माणसे आहेत, आपल्या नावाचे संघ आहेत, आणि आपल्या मुलांना त्यातले एकही नाव ठाऊक नाही. वर्गात विचारले तर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे, सलाह ही नावे पटापट येतात. हाफिज रशीद कोण, असे विचारले की वर्ग शांत होतो. त्या शांततेसाठी हा लेख आहे.

मुंबईत फुटबॉल आणला तो गोऱ्या पलटणींनी. कुलाब्याची छावणी, बंदरात लागणारी लढाऊ जहाजे, फोर्टातल्या कंपन्यांचे साहेब लोक, हाच त्या काळचा खेळाडूवर्ग. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वूस्टरशायर पलटणीने नेले. १९०२ मध्ये बेटाची स्वतःची साखळी स्पर्धा उभी राहिली, ती हारवूड लीग. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि लीग व करंडक असा सगळा कारभार एका छपराखाली आला. या खेळाचे घर म्हणजे कूपरेजचे मैदान. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. जहाजांवर लागणारा खारवलेला माल भरण्याची पिंपे कंपनीच्या काळात त्या भागात तयार होत, म्हणून ते कूपरेज. जिथे पिंपे वळली जात तिथे पुढे चेंडू वळू लागले.

या मैदानावर पहिली कित्येक वर्षे हिंदी माणूस दोरीच्या बाहेर उभा होता. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ४-१ असा हरला. हाच मोहन बागान १९११ मध्ये अनवाणी पायांनी खेळून आयएफए शील्ड जिंकून गेला होता आणि ईस्ट यॉर्कशायर पलटणीवरचा तो विजय साऱ्या देशाने आपला मानला होता. मुंबईचा करंडक मात्र १८९१ पासून १९३६ पर्यंत एकाही हिंदी संघाला मिळाला नाही. तो १९३७ मध्ये मिळाला. तो जिंकणाऱ्या संघाचे नाव होते बंगळूर मुस्लिम्स, आणि अंतिम सामन्यात हरलेल्या संघाचे नाव होते मोहामेडन स्पोर्टिंग.

ही गोष्ट वाचकांनी जरा थांबून मनात घ्यावी. गोऱ्या पलटणींच्या त्या करंडकाचा निकाल पहिल्यांदा दोन हिंदी संघांमध्ये लागला, आणि ते दोन्ही संघ मुसलमानांचे होते. एक दक्षिणेचा, एक पूर्वेचा. एका गोलाने बंगळूरवाले जिंकले. पुढच्या वर्षी, १९३८ मध्येही करंडक त्यांनीच नेला.

आता हा मोहामेडन स्पोर्टिंग कोण, ते पाहू. कलकत्त्यात १८८७ मध्ये जुबिली क्लब म्हणून एक मंडळ निघाले. मधल्या काळात त्याची एक-दोन नावे बदलली आणि १८९१ पासून त्याला मोहामेडन स्पोर्टिंग क्लब हे नाव मिळाले, म्हणजे ज्या वर्षी रोव्हर्स करंडक सुरू झाला त्याच वर्षी. पुढची चाळीस वर्षे हा क्लब खालच्या विभागांतच होता. पैसा नाही, सरावाची शिस्त नाही, मोठ्या क्लबांसारखा राजाश्रय नाही. आपल्या समाजातल्या अनेक संस्थांची जी कथा असते, तीच त्याचीही होती. नाव मोठे, हिशेबाची वही रिकामी.

बदल झाला तो १९३० नंतर. क्लबच्या कारभारात एस. ए. अझीझ हे गृहस्थ आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही अगदी व्यवहारातल्या होत्या. पहिली, खेळाडू कुठून आणायचे याची चौकट मोडली. फक्त कलकत्त्यातल्या मोहल्ल्यांवर अवलंबून न राहता बंगळूर, दिल्ली, सरहद्द प्रांत, जिथे चांगला खेळाडू दिसेल तिथून त्याला बोलावले. त्याची राहण्याची, जेवणाची सोय केली. दुसरी गोष्ट बुटांची. त्या काळी हिंदी खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय गोऱ्यांच्या बुटांपेक्षा चपळ ठरत. पण कलकत्त्याची लीग भर पावसाळ्यात चाले. चिखल झाला की अनवाणी पाय घसरत आणि बुटवाल्या पलटणी सामने मारून नेत. अझीझ यांनी खेळाडूंना ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावली. कोरड्यात अनवाणी, ओल्यात बूट. हवामान पाहून पाऊल टाकायचे, इतकाच त्याचा अर्थ. पण असा साधा अर्थ लक्षात यायला कधी कधी चाळीस वर्षे लागतात.

फळ लगेच मिळाले. १९३४ मध्ये संघ पहिल्या विभागात चढला आणि त्याच वर्षी लीग जिंकला. कलकत्ता फुटबॉल लीग जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. मग १९३५, १९३६, १९३७, १९३८. सलग पाच वर्षे. १९३६ मध्ये लीगबरोबर आयएफए शील्डही जिंकले. हा दुहेरी मान त्याआधी कोणत्याही हिंदी संघाला मिळाला नव्हता.

या यशाने बंगालचे वातावरण ढवळून निघाले. मुसलमान शेतकरी, विडीवाले, खलाशी, कारकून यांना वर्तमानपत्रात आपले नाव अभिमानाने वाचण्याची संधी मिळाली. दुसरीकडे, क्लबच्या नावातच धर्म असल्यामुळे मैदानावरची चुरस मैदानाबाहेर जाऊ लागली. पंचांच्या निर्णयांवरून वाद झाले, प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण १९३९ चा प्रसंगही त्याच वेळी सांगितला पाहिजे. त्या वर्षी असोसिएशनच्या कारभारावर नाराज होऊन मोहामेडन स्पोर्टिंगने लीगमधून अंग काढून घेतले. त्याच्याबरोबर बाहेर पडणाऱ्यांत कोण होते? ईस्ट बेंगाल आणि कालीघाट. म्हणजे तक्रार धर्माची नव्हती, कारभाराची होती, आणि तिच्यासाठी वेगवेगळ्या समाजांचे क्लब एका बाजूला उभे राहिले होते. लीग त्या वर्षी मोहन बागानने जिंकली.

म्हणून १९४० चा हंगाम महत्त्वाचा. वर्षभर बाहेर राहून परत आलेल्या संघाला सिद्ध करायचे होते की आधीची पाच वर्षे हा योगायोग नव्हता.

हंगामाचा पहिला टप्पा कलकत्त्याचा. पावसाळी लीग, चिखल, आठवड्याला सामने. मोहामेडनने लीग परत मिळवली. लीग जिंकणे आणि करंडक जिंकणे यांत फरक असतो, तो क्रिकेटच्या या दिवसांत मुलांना समजावून सांगावा लागतो. करंडकाच्या स्पर्धेत एक दिवस चांगला गेला तरी पुरते. लीगमध्ये महिनोन्‌महिने टिकावे लागते. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा तयार ठेवावा लागतो, दुबळ्या संघाशीही मन लावून खेळावे लागते. लीग ही संस्थेची परीक्षा असते. मोहामेडन ती सहाव्यांदा उत्तीर्ण झाला.

दुसरा टप्पा मुंबईचा. कलकत्त्याहून मुंबई म्हणजे अर्धा हिंदुस्थान ओलांडण्याचा रेल्वेप्रवास. कूपरेजवर रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा बंगळूर मुस्लिम्स. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी एका गोलाने हरवले होते, तेच. आणि या खेपेला एका गोलाने जिंकला मोहामेडन स्पोर्टिंग. रोव्हर्स करंडक त्यांच्या नावावर पहिल्यांदाच लागला.

या सामन्याचे मोल आम्हाला जिंकण्या-हरण्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी दिसते. त्या दिवशी कूपरेजवर बसलेल्या मुसलमान प्रेक्षकाने टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? दोन्ही संघ 'आपले'. नावावरून ठरवता येत नव्हते. मग त्याला खेळाकडेच पाहावे लागले असणार. कोणाची पासिंग चांगली, कोणाचा बचाव भक्कम, कोण शेवटच्या मिनिटापर्यंत धावतो. नावाचा आधार गळून पडला की माणूस गुणाकडे पाहायला लागतो. धर्माच्या नावाच्या दोन संघांनी समोरासमोर येऊन धर्माचा प्रश्नच त्या नव्वद मिनिटांपुरता मैदानाबाहेर काढला.

तिसरा टप्पा दिल्लीचा. ड्युरंड करंडक १८८८ पासून सिमल्याला खेळला जाई. तो साहेबांच्या उन्हाळी राजधानीचा खेळ. १९४० मध्ये तो पहिल्यांदा दिल्लीत आला. १२ डिसेंबर १९४० रोजी आयर्विन अ‍ॅम्फिथिएटरवर, म्हणजे आजच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर, अंतिम सामना झाला. समोर रॉयल वॉरिकशायर पलटण. मोहामेडनच्या गोलात उस्मान जान, बचावात जुम्मा खान. पुढच्या फळीतून हाफिज रशीद आणि साबू यांनी एकेक गोल केला आणि सामना २-१ असा जिंकला. ड्युरंड जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणून मोहामेडन स्पोर्टिंगची नोंद झाली. सामन्याचे पंच होते कॅप्टन हरनाम सिंग. ड्युरंडच्या अंतिम सामन्यात शिट्टी एखाद्या हिंदी माणसाच्या हातात असण्याची ती पहिलीच वेळ. मुसलमानांचा संघ, गोऱ्यांची पलटण आणि मध्ये शीख पंच. त्या एका चित्रात हिंदुस्थानचा बराचसा इतिहास मावतो.

कलकत्ता, मुंबई, दिल्ली. एका हंगामात तीन शहरे, तीन करंडक.

आता त्या वर्षाकडे पाहू. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. महायुद्ध सुरू होते. वैयक्तिक सत्याग्रहात काँग्रेसचे पुढारी तुरुंगात जात होते. आणि ज्या डिसेंबरात दिल्लीत ड्युरंडचा अंतिम सामना झाला, त्याच डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांवरून वाद पेटला होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मावर पाडलेले संघ कशासाठी, हा गांधीजींचा सवाल होता. सहा वर्षांनी, १९४६ मध्ये, ते सामने कायमचे बंद झाले.

गांधीजींचा सवाल रास्तच होता. क्रिकेटमध्ये मुसलमान संघ हिंदू संघाविरुद्ध उभा केला जात होता, सामन्याची रचनाच तशी होती. मोहामेडन स्पोर्टिंगच्या बाबतीत मात्र रचना वेगळी होती. लीगमध्ये, करंडकात तो इतर क्लबांसारखाच एक क्लब होता. त्याची लढत कधी पलटणीशी, कधी मोहन बागानशी, कधी बंगळूर मुस्लिम्सशी. नाव धर्माचे, पण नियम सर्वांचे. आम्हाला वाटते, हा फरक समाजाने ओळखायला हवा. स्वतःची संस्था काढणे वेगळे आणि स्वतःपुरते कुंपण घालणे वेगळे. मोठ्या क्लबांत ज्याला जागा मिळत नाही तो आपला क्लब काढणारच. त्याने तो काढून सर्वांच्या लीगमध्ये उतरावे, सर्वांच्या नियमाने खेळावे, सर्वांच्या पंचाचा निर्णय मान्य करावा. जिंकला तर विजय सर्वांचा होतो, कारण तो सर्वांसमोर मिळवलेला असतो.

पुढे फाळणी झाली. १९४० च्या त्या अजिंक्य संघाचा गोलरक्षक उस्मान जान १९५० मध्ये इराणच्या दौऱ्यावर गेलेल्या पाकिस्तानच्या पहिल्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. एकाच संघाच्या खेळाडूंमध्ये सीमारेषा उभी राहिली. क्लब मात्र कलकत्त्यातच राहिला. १९४८ मध्ये त्याने पुन्हा लीग जिंकली.

आणि १९४८ मध्ये मुंबईत काय झाले? देश दुभंगून वर्ष उलटले होते, गांधीजींची हत्या झाली होती, हैदराबादचा प्रश्न पेटला होता. 'मुस्लिम' हा शब्द उच्चारताना आवाज खाली जायचा असा तो काळ. त्या वर्षी रोव्हर्स करंडक जिंकला बंगळूर मुस्लिम्सने, मोहन बागानला १-० असे हरवून. नाव बदलले नव्हते, पाटी झाकली नव्हती. त्या नावासह संघ मुंबई बेटावर आला, खेळला, जिंकला आणि करंडक घेऊन परत गेला. त्याच बंगळूर मुस्लिम्समध्ये खेळलेले अहमद खान त्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरले. देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांना आणि उठताबसता दाखला देत राहणाऱ्यांना, दोघांनाही आम्ही हे साल सांगू इच्छितो.

या मालिकेतले शेवटचे नाव आमच्या पेशाचे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक हैदराबाद पोलिसांच्या संघाने जिंकला. या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शिक्षक. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादेतल्या शाळांतून त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेचे मैदान हीच आपली प्रयोगशाळा केली. त्यांच्या पद्धती ऐकल्या की शिक्षक चटकन ओळखू येतो. कमकुवत पायानेच चेंडू मारायचा, असे सामने ते लावत. चेंडू घेऊन एकट्याने पळायचे नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा, असेही सामने लावत. म्हणजे डावखुऱ्याला उजवे शिकवायचे आणि एकट्याने मिरवणाऱ्याला वाटून खायला शिकवायचे. आम्ही वर्गात याहून वेगळे काय करतो?

त्यांच्या संघातले नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन भारताकडून ऑलिंपिक खेळले. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीतला तुळशीदास बलराम हा गरीब घरातला पोर रहीम यांच्याच नजरेने हेरला आणि पुढे तो भारताचा अव्वल आघाडीवीर ठरला. मुलगा कोणाचा, हे रहीम यांनी विचारले नाही, पाय कसे चालतात तेवढेच पाहिले. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्ली आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्ण जिंकले. तेव्हा त्यांना कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ रोजी ते वारले. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे आमच्या शाळेतल्या काही मुलांना हे नाव कळले.

आज रोव्हर्स करंडक उरलेला नाही. २०००-०१ नंतर ती स्पर्धा बंद पडली. मोहामेडन स्पोर्टिंग मात्र टिकून आहे. बराच काळ तो मागे पडला होता. १९८१ नंतर कलकत्ता लीग जिंकायला त्याला २०२१ उजाडावे लागले. मग सलग तीन वर्षे लीग जिंकली आणि २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो इंडियन सुपर लीगमध्ये चढला. त्याच्या संघातून पुढे सर्व धर्मांचे, अनेक देशांचे खेळाडू खेळले. नाव तेच राहिले आणि दार मोठे झाले.

आमच्या भागाकडे येऊ. जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याने जमिनीची किंमत काय असते ते सरकारला शिकवले. पण शेतीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कोणी मांडला नाही. भात कापून झाले की होळीनंतरच्या महिन्यांत कोरडी शेते मुलांची मैदाने होत. बांध म्हणजे सीमारेषा, दोन चपला म्हणजे गोल. आज त्या जागी कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात. इथून थोड्या अंतरावर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले. जग आमच्या दारापर्यंत खेळायला आले, आमच्या मुलांना मात्र चेंडू मारायला मोकळी जागा शोधावी लागते.

आणि मुलींना तर ती शोधण्याचीही मुभा नसते. मुंब्र्यात २०१२ च्या सुमारास 'परचम' या गटाच्या मुलींनी फुटबॉल सुरू केला. वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एका संघात घेतल्या, मैदान मिळावे म्हणून दारोदार सह्या गोळा केल्या. मोहल्ल्यात कुजबुज झाली, पण मुली खेळत राहिल्या. १९३४ मध्ये अझीझ यांनी बुटांचा जो प्रश्न सोडवला, तोच आज या मुली सोडवत आहेत. मैदान जसे आहे तसे ओळखायचे आणि त्यावर उभे राहता येईल अशी तयारी करायची.

आपल्या समाजात जलशांना, जेवणावळींना, इमारतींना पैसा निघतो. खेळाच्या साहित्यासाठी मागितला की लोक म्हणतात, खेळून पोट भरते का? १९४० च्या मोहामेडन स्पोर्टिंगनेही कोणाचे पोट भरले नाही. पण पिढीभर लोकांची मान वर ठेवली, आणि तीही कोणाची मान खाली न करता. उर्दू शाळांच्या व्यवस्थापनांनी एवढेच करावे : दर वर्षी दोन चेंडू, एक जाळे, आठवड्यातून दोन तास आणि कोणाही शेजारच्या शाळेशी, मग ती मराठी असो वा इंग्रजी, एक सामना. संघाचे नाव काहीही ठेवा. पंच दुसऱ्या शाळेचा ठेवा.